वडिलांच्या पायातला रॉड, न आटणारी जखम आणि हाडातला जंतुसंसर्ग

फलटणकर | ८ जून, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. मी इथे बहुतेक वाचनमात्र असतो, पण गेल्या सात महिन्यांत घरात जे झालं ते लिहावंसं वाटतंय. काही प्रश्नही आहेत.

गेल्या नोव्हेंबरात, दिवाळी उलटून थोडेच दिवस झाले होते, अण्णांची गाडी शेताच्या वाटेवर घसरली. वय ६१, एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. उजव्या नडगीचं हाड मोडून कातडी फाडून बाहेर आलेलं. जखम दोन-अडीच इंचांची, आत माती आणि उसाचं पाचट. मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत साडेतीन तास गेले. त्याच रात्री जखम धुऊन हाडात रॉड घातला, टाके घातले. सहाव्या दिवशी घरी आलो.

टाके काढल्यावर चौथ्या दिवशी पायजम्यावर आठ आण्याएवढा डाग दिसला. तुपाचा पडतो तसा, कडेला पिवळट. आई म्हणाली मलम असेल. त्यानंतर अण्णा रोज "सुकलंय, सुकलंय" सांगत राहिले. पंधरा दिवसांनी धुण्यात त्यांचे पाच हातरुमाल एकदम सापडले, प्रत्येकाच्या मधोमध तोच डाग. घडी करून पट्टीखाली सारत होते. आम्हाला त्रास नको म्हणून!

गावातल्या डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. सुकलं. गोळ्या संपल्यावर आठ-दहा दिवसांनी पुन्हा ओलं. मग वेगळ्या गोळ्या, पुन्हा सुकलं, पुन्हा ओलं. मार्चपर्यंत असे चार कोर्स झाले. ऑपरेशन केलं तिथेही दोनदा दाखवलं. "टाक्याचा दोरा आत राहिलाय, वरवरचं आहे" असं सांगून पट्टी बदलून पाठवलं. ताप कधीच नव्हता, म्हणून आम्हीही निवांत. फक्त रात्री पाय ठणकायचा.

मार्चमध्ये एक्स-रे काढला तर हाड जुळायचं नावच नाही. पुण्यात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी पाय बघायच्या आधी विचारलं, "पू तपासायला कधी पाठवला होता?" कधीच नाही! मग म्हणाले, आता सगळ्या गोळ्या बंद, दोन आठवडे काहीच घ्यायचं नाही, त्यानंतर ऑपरेशन. आई तर हबकलीच, पू येतोय आणि हे औषध बंद करा म्हणतायत.

७ एप्रिलला रॉड काढला. साडेचार सेंटीमीटर हाड मेलेलं होतं, तेवढं कापून टाकलं. पाच वेगवेगळ्या जागचे तुकडे तपासणीला गेले. त्यातल्या चारांत एकच जंतू निघाला, स्टॅफिलोकोकस ऑरियस, तोही एमआरएसए जातीचा, म्हणजे नेहमीच्या बऱ्याच प्रतिजैविकांना दाद न देणारा. पायाला बाहेरून इलिझारोव्हची रिंग लावली, म्हणजे हाडात घातलेल्या तारांनी पाय धरून ठेवणारी धातूची कडी. आठवड्यानंतर नट फिरवायला सुरुवात केली. दिवसातून चार वेळा, दर वेळी पाव फेरा, म्हणजे पाव मिलिमीटर. दिवसाला एक मिलिमीटर हाडाचा तुकडा रिकाम्या जागेकडे सरकतो आणि त्याच्या मागे नवीन हाड तयार होतं. अण्णांनी वहीचा कागद फाडून वेळापत्रक लिहिलं आणि पलंगाशेजारी भिंतीला चिकटवलं: सकाळी ६, दुपारी १२, सायंकाळी ६, रात्री १२. प्रत्येक फेरीपुढे बरोबरची खूण. रात्री बाराची फेरी एकदाही चुकली नाही. मे अखेरीस हाडाची दोन टोकं भिडली.

आता प्रश्न. गोळ्यांनी सुकायचं आणि पुन्हा यायचं, हे नेमकं काय होतं? रिंग अजून किती दिवस? आणि परवापासून एका तारेभोवती लाल झालंय, त्याची धास्ती वाटतेय.

दवाखान्याचं नाव कृपया विचारू नका. व्यक्तिगत निरोपातही नको.

शेवंता | ८ जून, रात्री १०:२२

बापरे, किती सोसलंय! रुमालांचं वाचून पोटात कालवलं. आमच्याकडेही असंच झालंय, सासूबाईंच्या गुडघ्याचं. उद्या सविस्तर लिहिते.

रोखठोक | ८ जून, रात्री ११:०५

सरळ ग्राहक मंचात केस टाका. रॉड घातला आणि पू झाला म्हणजे ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) घाण होती. यात समजून घेण्यासारखं काय आहे?

सांधेजोड | ९ जून, सकाळी ६:४०

मी अस्थिशल्यचिकित्सक आहे, कोल्हापूरकडे. पाय न बघता सल्ला देत नाही, पण काय होतं ते सांगतो.

विहिरीच्या पायऱ्यांवरचं शेवाळ आठवा. वरून कितीही पाणी ओता, पाणी स्वच्छ दिसेल, पायरी बुळबुळीतच राहील. धातूवर जंतू बसले की काही दिवसांत असाच थर धरतात, त्याला बायोफिल्म म्हणतात. स्वतःच तयार केलेल्या चिकट लगद्यात ते गाडून घेतात आणि आतले बरेचसे सुस्त पडतात. आपली बहुतेक प्रतिजैविकं वाढणाऱ्या, फुटणाऱ्या जंतूंवर चालतात. झोपलेल्याला काय मारणार? मोकळ्या जंतूला जेवढं औषध पुरतं त्याच्या शंभरपट, कधी हजारपट मात्रा या थरातल्यांना लागते. एवढी मात्रा रक्तात चढवली तर आधी मूत्रपिंडं जातील. त्यात धातूला रक्तपुरवठा नाही, मेलेल्या हाडालाही नाही. मग औषध पोचणार कुठून?

तुमच्या गोळ्यांनी थरातून सुटून बाहेर आलेले जंतू मरत होते, म्हणून जखम सुकायची. कोर्स संपला की थर पुन्हा नवी फौज सोडायचा. औषध खोटं नव्हतं, पण रॉडवर जे बसलं होतं त्याला ते शिवतच नव्हतं.

१९५७ साली लंडनमध्ये एलेक आणि कोनेन या दोघांनी स्वयंसेवकांच्या कातडीत स्टॅफिलोकोकस टोचून पाहिले होते. नुसते टोचले तर पू व्हायला लाखांच्या घरात जंतू लागत. रेशमाचा एक टाका घालून ठेवला तर शंभरेक पुरत. एका दोऱ्याने एवढा फरक पडतो, आणि आपण तर फूटभर रॉड घालतो.

रोखठोक, तुमचा राग कळतो. पण गुडघा किंवा खुबा बदलताना, जिथे कातडी अखंड असते आणि सगळं ठरवून केलेलं असतं, तिथेही उत्तम रुग्णालयांत शंभरातल्या एखाद-दुसऱ्याला संसर्ग होतोच. हाड बाहेर आलेल्या फ्रॅक्चरमध्ये तर जंतू रस्त्यावरच आत गेलेले असतात. जखम जितकी मोठी आणि मळकी, तितका धोका वाढत जातो. नुसता संसर्ग झाला म्हणून कुणी दोषी ठरत नाही. चार महिने एकही नमुना न घेता गोळ्या बदलत राहणं मात्र माझ्या मते चूकच आहे. आमच्या व्यवसायातली ही वाईट खोड आहे. रुग्ण समोर बसून म्हणतो "डॉक्टर, सुकवा एकदाचं," आणि लिहिणारा हातही लगेच चालतो.

तारेभोवतीची लाली: रिंगवाल्यांना हे इतक्या वेळा होतं की त्यात नवल नाही. मिठाच्या निर्जंतुक पाण्याने किंवा सांगितलेल्या द्रावणाने साफ करा, पट्टी नीट दाबून बसवा. तार सैल वाटत असेल, पू असेल किंवा ताप आला तर थांबू नका, दाखवा. बहुतेक वेळा थोड्या दिवसांच्या गोळ्यांवर भागतं, कारण तार काढता येते.

रिंगचा हिशोब साधारण असा की दर सेंटीमीटरमागे महिना-दीड महिना धरायचा. नवीन हाड आधी मऊ असतं, ते पिकायला वेळ लागतो. तुमचे डॉक्टर एक्स-रेवर ठरवतील, पण दिवाळी डोळ्यांसमोर ठेवा.

पेट्रीबशी | ९ जून, दुपारी १:१५

मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत आहे. सांधेजोड यांच्या प्रतिसादाला +१, आणि आमच्या टेबलापलीकडची थोडी रडगाणी.

१) जखमेच्या तोंडावर काडी फिरवून आणलेला पू हा फार फसवा नमुना. कातडीवरचे, पट्टीवरचे, कुणाच्या हातावरचे असे सगळे पाहुणे त्यात वाढतात. हाडातला खरा जंतू वेगळाच असू शकतो. म्हणून ऑपरेशनच्या वेळी खोलवरचे पाच-सहा तुकडे, प्रत्येक वेळी वेगळ्या चिमट्याने घ्यायचे. दोन किंवा जास्त तुकड्यांत तोच जंतू आला की मग त्याला आरोपी म्हणायचं. एकाच तुकड्यात आला तर तो बहुधा वाटेत चढलेला असतो. तुमच्याकडे पाचांत चार, म्हणजे निकाल पक्का.

२) औषध बंद करून दोन आठवडे थांबायचं ते यासाठीच. गोळी चालू असताना घेतलेल्या तुकड्यात जंतू अर्धमेले असतात, बशीत उगवत नाहीत आणि अहवाल येतो "वाढ नाही". घरच्यांना आनंद होतो. आम्हाला नाही होत.

३) आणि कृपा करून तुकडा फॉर्मॅलिनमध्ये पाठवू नका! महिन्यातून एकदा तरी हे होतं. ओटीत सवयीने सगळे तुकडे फॉर्मॅलिनच्या बाटलीत पडतात. पेशी तपासायला ते ठीक, पण जंतू तिथेच खलास. मग मी त्यातून काय उगवू? रुग्णाचे नातेवाईक बाटली हातात घेऊन जिने चढून येतात, तेव्हा त्यांना हे सांगायचं माझ्या जिवावर येतं. बाटली तुमच्या हातात देत असतील तर विचारा: "कल्चरला, म्हणजे जंतू उगवून बघायला, वेगळी बाटली आहे ना? साध्या सलाईनमधली?"

बशा आम्ही चौदा दिवस ठेवतो. काही जंतू, विशेषतः खांद्याच्या ऑपरेशननंतर सापडणारा क्युटिबॅक्टेरियम, फार सावकाश उगवतात. तिसऱ्या दिवशी बशी फेकली तर कळणारच नाही. आपल्याकडे क्षयाच्या जंतूसाठीही तुकडा पाठवायला विसरू नये.

फलटणकर | ९ जून, रात्री ८:३०

शेवाळाचं उदाहरण आईला वाचून दाखवलं. "मग घासायला नको का?" एवढंच म्हणाली, आणि तिला ऑपरेशन का करावं लागलं ते कळलं. सांधेजोड, पेट्रीबशी, मनापासून आभार. तार उद्या दाखवतो.

फॉर्मॅलिनचं वाचून छातीत धस्स झालं. त्या दिवशी बाटल्या मीच नेल्या होत्या. पाच लहान आणि एक मोठी. मोठीला उग्र वास होता.

पेट्रीबशी | ९ जून, रात्री ८:४१

मोठी फॉर्मॅलिनची. बरोबर केलंय त्यांनी.

शेवंता | १० जून, दुपारी ३:५५

आमची कथा. सासूबाईंचा डावा गुडघा जानेवारीत बदलला, ठाण्यात. मधुमेह आहे, पण ऑपरेशनच्या आधी आटोक्यात होता. विसाव्या दिवशी व्हीलचेअरवरून उतरताना पट्टी ओली दिसली. मी फोटो काढून दवाखान्यात पाठवला, तर तासाभरात फोन, "आजच घेऊन या, कुठलीही गोळी देऊ नका." मला वाटलं एवढ्याशा ओलीसाठी काय हे! पण दुसऱ्या दिवशी पुन्हा गुडघा उघडून भरपूर धुतला. धातूचे भाग तसेच ठेवून मधली प्लॅस्टिकची चकती बदलली. जंतू साधा स्टॅफिलोकोकस होता.

नंतर दोन आठवडे शिरेतून औषध, मग घरी गोळ्या, एकूण तीन महिने. त्यात एक लाल कॅप्सूल. लघवी एकदम नारिंगी, डोळ्यातलं पाणीही. शेजारच्या काकूंनी कॅप्सूल ओळखली, त्यांच्या भावाला टीबी झाला होता. दोन दिवसांत अख्ख्या मजल्यावर बातमी की सासूबाईंना टीबी आहे! कामवाल्या ताईंनी कप वेगळा मागितला. सासूबाईंनी शेवटी सोसायटीच्या बाकावर बसून प्रत्येकीला गुडघा दाखवत खुलासा केला. आता गुडघा छान आहे, बाकावरच्या बैठकीची सवय मात्र राहिली.

सांधेजोड, टीबीचं औषध गुडघ्याला कसं काय?

सांधेजोड | १० जून, रात्री ९:१०

ते रिफाम्पिसिन. स्टॅफिलोकोकसच्या थरात शिरून सुस्त जंतूंनाही मारणाऱ्या मोजक्या औषधांतलं एक. १९९८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या झिमेर्ली आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की लवकर धुऊन रोपण (आत बसवलेला धातू) जागेवरच ठेवलेल्या रुग्णांत सिप्रोफ्लॉक्सासिनला रिफाम्पिसिनची जोड दिली तर निकाल कितीतरी चांगले येतात. रुग्ण थोडे होते, पण आजही उपचार त्या वाटेने जातो.

दोन पथ्यं. ते एकटं कधीच द्यायचं नाही, जंतू बघता बघता त्याला सरावतो. आणि जखम वाहत असताना सुरू करायचं नाही. शिवाय ते यकृताला कामाला लावतं आणि बऱ्याच औषधांचा जोर कमी करतं: रक्त पातळ करणारं वॉरफरिन, मधुमेहाच्या काही गोळ्या, गर्भनिरोधक गोळ्या. म्हणून घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवीच डॉक्टरांपुढे ओतायची.

तुमच्या सासूबाईंचं नशीब त्या तासाभराच्या फोनमध्ये होतं. लक्षणं सुरू होऊन दोन-तीन आठवडे व्हायच्या आत उघडून धुतलं तर सांधा वाचवता येतो. थर जुना झाला की धातू काढावाच लागतो. मग सहसा दोन टप्पे: आधी सगळं काढून जागेवर प्रतिजैविक मिसळलेल्या सिमेंटचा ठोकळा बसवायचा, काही आठवड्यांनी, जंतू गेले असं वाटलं की नवा सांधा. सिमेंटमध्ये औषध कालवायची कल्पना जर्मनीतल्या हांबुर्गच्या बुखहोल्झ यांची, १९७० च्या आसपासची. ते तर एकाच बैठकीत जुना काढून नवा बसवत. आजही तिथे तशी परंपरा आहे.

जुनंखोड | ११ जून, सकाळी ११:३०

वय वर्षे ७४. लहानपणी, साल १९६१, मांडीच्या हाडात पू झाला. ऑपरेशन नाही, पडणं नाही, नुसता ताप आला आणि पाय सुजला. आजी म्हणायची "हाड्याव्रण". भोक पडलं ते पडलंच. महिना-दोन महिने बंद, पुन्हा उघडायचं. भात बंद, आंबट बंद, वांगं बंद. तरी पू आपला चालू. नवव्या वर्गात असताना एके दिवशी पट्टी सोडली तर त्यात हाडाचा कपचा, भाताच्या लोंबीएवढा, कडा करवतीसारख्या. आपोआप बाहेर आला. त्यानंतर भोक बुजलं. आजीने तो तपकिरीच्या डबीत ठेवला होता, देवापुढे. कसं काय ते अजून कळलेलं नाही.

सांधेजोड | ११ जून, दुपारी २:०५

आजोबा, नमस्कार! तो कपचा म्हणजे मेलेलं हाड, आम्ही त्याला सेक्वेस्ट्रम म्हणतो. तो आत असेपर्यंत जंतूंना आयतं घर. शरीराने स्वतःच ढकलून बाहेर काढला आणि जखम मिटली. आम्ही ऑपरेशन करून जे करतो ते तुमच्या पायाने चार-पाच वर्षांत केलं. मुलांत असं रक्तातून आलेल्या जंतूंनी होतं, त्याला पडझड लागत नाही.

एक मात्र सांगतो, घाबरवायचं म्हणून नाही. हाडातला हा जंतू चाळीस-पन्नास वर्षांनीही पुन्हा डोकं वर काढू शकतो. आणि वर्षानुवर्षं वाहणारं भोक असेल, त्याला कधी घाण वास यायला लागला, रक्त यायला लागलं, कड जाड झाली तर तुकडा काढून तपासायचाच. क्वचित तिथे कर्करोग होतो. तुमचं बंद आहे, बंदच राहो.

भात, आंबट, वांगं यांनी पू होत नाही. मी रुग्णांना डाळ, अंडी, मासे, उसळी भरपूर खायला सांगतो, जखम भरायला प्रथिनंच लागतात. कुणाची आजी ऐकत नसेल तर माझा नाइलाज आहे.

लीड्सकर | १२ जून, पहाटे २:४०

इथे इंग्लंडमध्ये मी रुग्णालयातला फार्मासिस्ट आहे. एक प्रश्न आणि एक माहिती. हाडाच्या संसर्गाला सहा आठवडे शिरेतूनच औषध हवं, असा दंडक होता. त्याला इथल्याच ओव्हिव्हा चाचणीने छेद दिला. १,०५४ रुग्ण, २६ केंद्रं, निकाल २०१९ मध्ये आले. वर्षभरात उपचार फसण्याचं प्रमाण शिरेतून घेणाऱ्यांत १४.६ टक्के, गोळ्या घेणाऱ्यांत १३.२ टक्के. म्हणजे योग्य गोळी निवडली तर ती कमी पडत नाही. आपल्याकडे लोक सहा-सहा आठवडे खाट अडवून, खर्च करून पडून राहतात. तिथे हे का वापरत नाहीत?

दुसरं, औषध फार लवकर बंद करण्याचाही मोह नको. फ्रान्समधल्या २०२१ च्या एका चाचणीत बदललेल्या सांध्याच्या संसर्गाला सहा आठवडे विरुद्ध बारा आठवडे अशी तुलना होती. सहा आठवडेवाल्यांत संसर्ग उरल्याचं प्रमाण १८.१ टक्के, बारावाल्यांत ९.४.

पेट्रीबशी | १२ जून, सकाळी १०:२०

लीड्सकर, वापरतात की! पण तुमच्याकडच्या बशा आणि आमच्याकडच्या बशा सारख्या नसतात हो. तिथे बहुतांश स्टॅफिलोकोकस. आमच्याकडे उघड्या फ्रॅक्चरमध्ये क्लेबसिएला, स्युडोमोनास, ॲसिनेटोबॅक्टर बरेच, आणि अहवालात गोळ्यांच्या रकान्यापुढे एकाखाली एक "आर, आर, आर", म्हणजे जंतू त्या गोळीला दाद देत नाही. उरतं ते मेरोपेनेम नाहीतर कोलिस्टिन. हाडापर्यंत पोचेल अशी त्यांची गोळी नाही. गोळी चालत असेल तिथे जरूर द्यावी, पण ते कल्चरशिवाय कळणार कसं? फिरून फिरून तिथेच येतो.

गंगाजळी | १२ जून, दुपारी ४:४५

अवांतर: जंतू खाणारे विषाणू असतात म्हणे, बॅक्टेरियोफाज. गंगेच्या पाण्यात सापडले होते. ते का वापरत नाहीत? औषध कंपन्यांना नको असेल!

पेट्रीबशी | १२ जून, सायंकाळी ६:१०

अवांतर पण आवडतं. आग्र्याला असलेल्या हँकिन यांनी १८९६ मध्ये लिहिलं होतं की गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात. कारण त्यांना माहीत नव्हतं. पुढे डेरेल यांनी फाज ओळखले. जॉर्जियात तिबिलिसीला १९२३ पासून एक संस्था आहे, एलियावा यांच्या नावाची, तिथे आजही फाज देतात. हाडाच्या हट्टी संसर्गात काही ठिकाणी वापर झालाय. पण प्रत्येक जंतूला त्याचा ठरलेला फाज शोधावा लागतो आणि नेहमीच्या उपचारात अजून त्याला जागा नाही. गंगेचं पाणी जखमेवर ओतू नका म्हणजे झालं, त्यात बाकीचंही बरंच काही असतं.

आंबोळी | १४ जून, रात्री १०:००

धागा वाचून झोप उडाली. आईचा गुडघा ऑगस्टमध्ये बदलायचा ठरलाय, सावंतवाडीहून गोव्याला नेणार. साखर वरखाली असते, टाचांना भेगा आहेत, एक दाढ दुखते. करावं की नको?

सांधेजोड | १४ जून, रात्री ११:१५

करा, पण दाढ आधी. तोंडात पू ठेवून गुडघा बदलायचा नाही. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी, टक्क्यांत) बघा. आठाच्या वर असेल तर मी तरी तारीख पुढे ढकलतो, रुग्ण रुसला तरी चालेल. भेगांना मलम लावून कातडी जुळवून घ्या, त्या जंतूंच्या खिडक्या आहेत. लघवीला जळजळ होत असेल तर आधी सांगा. गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर तीन महिने मध्ये जाऊ द्या. घरात कुणी तंबाखू, मिश्री, विडी घेत असेल आणि तीच व्यक्ती ऑपरेशनला जाणार असेल तर महिनाभर आधी बंद.

आदल्या रात्री ब्लेडने केस काढायचे नाहीत. हे मी लिहूनही देतो, तरी कुणीतरी उत्साहाने करतंच. ब्लेडच्या बारीक चिरांत रात्रभर जंतू वाढतात. काढायचेच तर तिथे मशीनने, ऐन वेळी. प्रतिजैविकाचं इंजेक्शन चिरा देण्याआधी तासाभराच्या आत पडायला हवं. विचारा, कुणी रागावत नाही. रागावलं तर ते कळणंही उपयोगी.

ओटीत माणसं किती, दार किती वेळा उघडतं हेही महत्त्वाचं. खुबा बदलायची आजची पद्धत घडवणारे चार्नली यांनी इंग्लंडमध्ये रायटिंग्टनला ऑपरेशन टेबलाभोवती काचेची खोली उभारून गाळलेली हवा सोडली, डॉक्टरांना श्वास बाहेर ओढून नेणारे पोशाख घातले. दशकभरात त्यांच्याकडचा संसर्ग सात टक्क्यांच्या आसपासवरून अर्ध्या टक्क्यापर्यंत उतरला. पण ते तुमच्या हातात नाही. तुमच्या हातात दाढ आहे.

आणि घरी आल्यावर: दहा दिवसांनंतरही पट्टी ओली होत असेल तर ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांनाच दाखवा. कुणाच्याही सांगण्यावरून गोळी सुरू करू नका.

रोखठोक | १५ जून, सकाळी ९:००

माझा पहिला प्रतिसाद घाईचा होता. पण एक विचारतो. नमुना घ्यायला हवा होता हे तुम्हाला माहीत आहे, पेट्रीबशींना माहीत आहे. मग गावातल्या डॉक्टरांना नाही का?

सांधेजोड | १५ जून, दुपारी १:५०

माहीत असतं हो. पण गावातल्या दवाखान्यातून खोलवरचा नमुना घेताच येत नाही, तो ओटीतच घ्यावा लागतो. त्यांनी परत पाठवायला हवं होतं, आणि पाठवलं तेव्हा तिकडच्यांनी उघडून बघायला हवं होतं. स्वतः केलेल्या ऑपरेशनला संसर्ग झालाय हे मान्य करणं कठीण जातं. मलाही गेलंय. एका रुग्णाला मी तीन आठवडे "टाक्याचं आहे" म्हणत होतो.

शेवंता | १५ जून, दुपारी २:३०

हे लिहायला धैर्य लागतं, डॉक्टर.

फलटणकर | १९ नोव्हेंबर, रात्री ९:२५

धागा वर काढतोय. परवा रिंग काढली. ओपीडीतच, गुंगीचं हलकं इंजेक्शन देऊन. तारा ओढताना अण्णा भोकं मोजत होते, एकवीस भरली. पाय बारीक झालाय, पाऊण सेंटीमीटर आखूड आहे, चपलेला पातळ टाच लावलीय. मध्ये टोकं भिडली होती तिथे हाड हट्टीपणा करत होतं, ऑगस्टमध्ये कमरेचं थोडं हाड काढून तिथे भरावं लागलं. त्या वेळचे तुकडेही तपासले, चौदा दिवस काही उगवलं नाही. सीआरपी, म्हणजे सूज-संसर्गाचा अंदाज देणारी रक्तचाचणी, ४, म्हणजे ठीक. डॉक्टर अजून "बरं झालं" म्हणत नाहीत, दोन वर्षं येत राहा म्हणतात.

घरी आल्यावर अण्णांनी भिंतीवरचं वेळापत्रक काढलं. फेकलं नाही. खाली लाल पेनाने "फेरी रद्द" लिहून जुन्या तिकिटांच्या पेटीत ठेवलं.

सांधेजोड, दोन भोकांतून पिवळसर पाणी येतंय. आई पुन्हा रुमाल मोजायला लागलीय.

सांधेजोड | १९ नोव्हेंबर, रात्री १०:४०

अण्णांना नमस्कार सांगा. तारा काढल्यावर चार-पाच दिवस थोडं पाणी येतं, भोकं आपोआप मिटतात. कोरडी पट्टी पुरे. आठवड्यानंतरही ओलं असेल, दुखत असेल किंवा पाणी घट्ट झालं तर फोटो पाठवत बसू नका, पुण्याला जा. आणि गोळी नाही.

आंबोळी | २० नोव्हेंबर, सकाळी ८:१५

आमचं सांगायचं राहिलं. साखर नऊच्या वर निघाली म्हणून ऑगस्टची तारीख रद्द झाली, आई आठ दिवस कुणाशी बोलली नाही. दाढ काढली. आता साखर सात पूर्णांक दोन आहे, जानेवारीत करणार आहोत. भेगांना कोकमाचं मुटियाल (कोकम तेलाचा गोळा) लावतेय.

फलटणकर | २७ नोव्हेंबर, रात्री ८:०५

भोकं मिटली. रुमाल कोरडे.

जुनंखोड | २७ नोव्हेंबर, रात्री ८:३०

उत्तम.